खालची खोली

उद्यमनगरात एकतीस वर्षं कास्टिंग तपासली.
हातोडीनं हळू ठोकायचं, कान द्यायचा.
चांगला माल खणखणतो,
आत भेग असली की बद्द वाजतं.
माणसांनाही मी तसंच बघतो.

शुक्रवार पेठ, खालची खोली, मोरी आतच,
भाडं साडेपाच, डिपॉझिट पंचवीस, लाईटबिल वेगळं.
निवास एजंट गिऱ्हाईक घेऊन येतो
आणि चहा उकळेपर्यंत माझं ठोकून झालेलं असतं.

आधी चपला.
उंबऱ्याबाहेर जोडीनं काढल्यात,
की एक जिन्याखाली, एक गटारीकडं तोंड करून.
मग पाणी देतो, रिकामा तांब्या कुठं ठेवतोय बघतो.
पगार किती हे विचारत नाही. कितव्या तारखेला, हे विचारतो.
आणि शेवटी, अगदी सहज:
आधीची खोली का सोडली?
इथं जो लांबण लावतो,
त्याच्यात भेग.

आडनाव मी विचारत नाही,
असं मी सगळ्यांना सांगतो.
गाव विचारतो, गल्ली विचारतो,
पाव्हणे कुठं कुठं दिलेत विचारतो,
आणि तेवढ्यात पडद्यामागं बायको खोकते.
एकदा खोकली म्हणजे नको.

विमा विकणारा तो चौगले, फार गोड बोलला. खोकला.
गारगोटीची दोन पोरं, परीक्षेचा अभ्यास, एक शेगडी,
'रात्री दिवा किती जळणार?' तर एकमेकांकडं बघायला लागली. खोकला.
फौंड्रीतला सुपरवायझर, पाटण्याकडचा,
कपाळाला हात लावून नमस्कार केला त्यानं,
माझ्याच खात्यात होता हो, माझ्या मागनं लागला.
तरीपण खोकला.

मग मंगळवारी ती आली. एकटी.
दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते म्हणाली.
चपला जोडीनं. पगार एक तारखेला.
देसाई, आजऱ्याची.
मी मनातल्या मनात किल्ली काढून दिलीसुद्धा.
आधारकार्डाची झेरॉक्स पुढं केली तिनं:
शबनम इलाही देसाई.
पडदा हलला नाही.
मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. तेच होतं.

"मामा, तुमचं बघून झालं असलं तर
मी बघू आता?"

नळ सोडला, बादली भरेपर्यंत घड्याळ बघत राहिली.
खिडकीची कडी दोनदा लावून काढली.
आणि बोटाच्या पेरानं भिंत ठोकायला लागली.
गुडघ्याजवळ, बद्द.
कमरेजवळ, बद्द.
छातीजवळ, खांद्याजवळ, बद्द.
टाचा उंच करून, हात ताणून, डोक्याच्या वर,
तिथं खणखणीत.

"पाणी इथवर आलं होतं," म्हणाली.
विचारलं नाही. म्हणाली.

सहा जणांना मी 'पायरीपर्यंत' सांगितलेलं.
पिस्ता रंगाचे दोन हात मारलेत,
वर देवाचं कॅलेंडर टांगलंय,
पंचगंगेनं ओढलेली रेघ
माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

"आधीचे लोक का सोडून गेले?"

तर म्हटलं, त्याचं असं झालं,
कुरणे माणूस चांगला होता, पण त्याच्या साडूचं,
म्हणजे साडूच्या पोराचं लग्न, आणि त्याच सुमाराला
महापालिकेनं ती ड्रेनेजची लाईन, आणि एकोणीस साली तर
सगळ्याच पेठेत, आमच्यातच असं नाही,
आणि गादी कुजली त्याची, पण ती जुनीच
मी लांबण लावलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. चहा संपवला,
कप स्वतः मोरीत नेऊन विसळला.
"विचार करून कळवते," म्हणाली.
हे माझं वाक्य.

बायको पडदा सारून बाहेर आली.
"काय ठरलं?"
"तिचं ठरायचंय."
"अगं बाई," म्हणाली,
आणि भिंतीला टेकणार होती, ती टेकली नाही.

आज शुक्रवार.
निवासचे सकाळपासून दोन फोन आले,
बँकेतला माणूस आहे, बदलीवर आलाय,
ॲडव्हान्स घेऊन दारात उभा राहील म्हणतो.
मी म्हटलं, थांब जरा.
का, म्हणाला.
थांब म्हटलं ना.